चवथीआधी एक पान लिहून काढा

संपादक साहेब, गणेश चवथ जवळ आली की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या गावात आरती, नाटक सगळं तोंडीच ठरतं आणि मग वर्गणी कोणाकडे, आरतीचं घुमट वाद्य कोणी नेलं, तालमीला कोण आला नाही यावरून सख्खे शेजारी वर्षभर बोलत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही सगळे बसलो, वहीत एक पान लिहिलं, हिशोब दोघांनी ठेवायचा, खटका उडाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, समोर बसून बोलायचं, आणि सह्या केल्या. लिहितानाच निम्मे गैरसमज मिटले हो! लिहिणं म्हणजे अविश्वास असं काही जाणत्यांना वाटतं, मला ते अजिबात पटत नाही, गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या कारभाराचे, रिवाजसुद्धा १५२६ च्या फोरालात, म्हणजे रिवाजांच्या सनदेत, लिहिलेले आहेत, फक्त ते पोर्तुगीजांनी लिहून घेतले. आपलं पान आपणच लिहूया, आणि लिहायला नवीन पोरांनाही बसवा.

- एक वाचक, फोंडा