कुमारांवरच्या कार्यक्रमाआधी

टिळकवाडी, बेळगाव

चि. माईस,

अनेक आशीर्वाद.

रेडिओवर तुझा पहिला भाग कुमार गंधर्वांवर आहे हे आईनं गल्लीभर सांगितलंय. मला फार आनंद झाला. तू फोनवर विचारलंस, "जन्मगाव, साल, गुरू हे सगळं घालू का बाबा? इथले म्हणतात, लोकांना गाणं हवं असतं." तेव्हा घाईत होतो, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

घाल. कमी घाल, पण घालशील ते पक्कं असू दे.

आपल्या भागातल्या गायक-वादकांचा चरित्रकोश करायला घेतला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. नोकरीवरून आलो की सार्वजनिक वाचनालय, आणि रात्री बुटांच्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या अकारविल्हे लावणं. पहिला पेच नावांचाच पडला. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. वाचक कुठल्या नावानं शोधेल, हे आपल्या हातात नसतं. म्हणून मुख्य नोंद एकीकडे आणि बाकीच्या प्रत्येक नावाखाली 'पाहा' लिहिलेली एक ओळ. ही ओळ लिहायला कंटाळणाऱ्यानं कोशाच्या वाटेला जाऊ नये.

गंगूबाई हनगलांचं तर तुला ठाऊकच आहे. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचं नाव 'गांधारी' असं छापलंय, आणि आवाजही उंच, कोवळा. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो खर्जाकडे गेला. ज्यानं फक्त नंतरच्या गंगूबाई ऐकल्यात, त्याला त्या मुद्रिकेत दुसरीच बाई गातेय असं वाटेल. कोशात मी हे दोन वाक्यांत लिहिलं. रेडिओवरच्या माझ्या कार्यक्रमात मात्र दोन्ही आवाज लागोपाठ लावले, मध्ये एक शब्द बोललो नाही. त्या आठवड्यात वडगावातून एका विणकर घरातला माणूस फोन करून म्हणाला, "आमच्याकडंबी तसलं नाव असलेली तबकडी हाय, बघायला या." गेलो. मागाशेजारच्या पेटीत कापडात गुंडाळलेल्या तबकड्या निघाल्या, आणि कोशातल्या कितीतरी नोंदींना मुद्रिकांचे क्रमांक मिळाले. दिवसभर मागावर बसणारा माणूस माझा ग्रंथ कधी उघडणार? आवाज त्याच्यापर्यंत पोचला, आणि त्याच्याकडचं ग्रंथात आलं. मला ही दोन कामं वेगळी कधी वाटलीच नाहीत, ती यामुळे.

फरक आहे तो एवढाच की पुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येतं. हवेवर गेलेलं साल कुणाच्या तरी वहीत उतरतं, तिथून शाळेच्या भाषणात जातं, आणि मग ते तुझ्या हातात राहत नाही. म्हणून संहितेतल्या प्रत्येक सालापुढे ते कुठून घेतलं हे समासात लिही. खात्री नसेल तर ते वाक्यच गाळ; श्रोत्याचं काही अडत नाही.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते आपल्याच मातीचं आहे. कोशाच्या सुरुवातीच्या आराखड्यात 'मराठी की कानडी' असा रकाना होता. तो मी काढून टाकला. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमी गाजवतात. धारवाडजवळचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकतात, मंजीखाँ-भूर्जीखाँकडे शिकतात, आणि शिवशरणांची कानडी वचनंही गातात. गदगचे भीमसेन अभंग गातात तसेच हरिदासांची कानडी पदंही गातात. यांना कुठल्या रकान्यात कोंबू? 1956 नंतर इथं पाट्यांवरून काय काय झालं हे तू पाहिलंयस, आणि मराठीसाठी मी स्वतः मोर्चात चाललोय. तरी नोंदीत मी फक्त जन्मगाव, गुरू, कुठं गायले एवढंच लिहितो. काहींना ते आवडलं नाही. तूही कुमारांना 'आपले' म्हणून मिरवू नकोस. त्यांचं जन्मगाव सुळेभावी आपल्या जिल्ह्यात आहे एवढं सांग, ऐकणाऱ्याला बाकीचं कळतं.

आता तुझ्या संहितेबद्दल. जन्म 8 एप्रिल 1924. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे शिक्षण. क्षयामुळे 1948 मध्ये देवासला, आणि पुढे काही वर्षं गाणं बंद. या बंद काळाबद्दल तू दोन पानं लिहिलीयस, ती अर्ध्यावर आण; त्या खाटेवर पडून त्यांना काय वाटलं हे आपण सांगू शकत नाही. माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती, एवढं म्हण आणि थेट गाणं लाव. जुनी तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते, तिच्यावर बोलू नकोस, ती संपू दे.

दुरुस्त केलेली संहिता ध्वनिमुद्रणाच्या आधी मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखव. रात्री नऊनंतर कर, तेव्हा आईही मोकळी असते.

तुझा,
बाबा