तुळशीच्या लग्नाला मी नसेन

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुळशीच्या लग्नाला येत नाही हे फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून पत्र. त्याहून वाईट म्हणजे त्याच सुट्टीत मी नेवाडाच्या वाळवंटात कोरीव चित्रं बघायला चाललेय. तिकिटं काढून झाली. बाबा, ‘घरी यायला रजा नाही, दगड बघायला आहे’ असं मनात आलं ना? बरोबरच आहे. पण रजा चारच दिवसांची, त्यातले तीन येण्याजाण्यातच गेले असते आणि निघताना आई रडली असती ते वेगळंच.

जागेचं नाव व्हॅली ऑफ फायर. लास वेगासहून तासाभरावर. (हो आई, जुगाराचं गाव तेच. तिथे नुसतं विमानातून उतरायचंय.) लाल वालुकाश्मावर हजारो वर्षांत काळसर थर चढतो. तो टोचून काढला की आतला फिकट दगड दिसतो. असेच रानमेंढे, माणसं, नागमोडी रेघा काढल्यात. एका कड्यावर भाला फेकायची काठी कोरलीय, धनुष्यबाणाच्या आधीचं हत्यार. तिथवर चक्क लोखंडी जिना आहे, म्हणजे लोंबकळायचं नाही. दुसरी वाट जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर, फक्त पायाखाली रेती. नोव्हेंबरात ऊन सौम्य असतं, बरोबर दोन मैत्रिणी आहेत, पाणी चार लिटर आणि डब्यात थालीपीठ.

बाबा, लहानपणी आपल्या बारसूच्या सड्यावर, त्या कातळी पठारावरच्या कोरीव चित्रांपाशी, खाली उभं राहून मला काहीच कळेना, तेव्हा तुम्ही खांद्यावर घेऊन दोन वाघांमधला माणूस दाखवलात. आज सांगते, वाघ मला तेव्हाही दिसले नव्हते. तुमचे खांदे दुखतील म्हणून ‘दिसले’ म्हटलं.

युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत बारसू आल्यापासून, २०२२ पासून, तुम्ही येईल त्या पाहुण्याला सड्यावर नेता. न्या, पण दुपारी नको आणि अनवाणी तर नकोच. मोतीबिंदूचं आता पुढे ढकलायचं नाही. दादाला तारीख घ्यायला सांगितलंय, त्याच्याशी वाद घालू नका. मे महिन्यात तुम्ही मला ते वाघ नीट दाखवायचेत, त्याला डोळे हवेत. खांद्यावर नाही बसणार, घाबरू नका.

आई, गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लाव. माळ्यावर चढायचं नाही, ऊस दादा आणेल. तुळशीतल्या चिंचा-आवळ्यांतले माझ्या वाटचे आवळे मिठाच्या पाण्यात घालून ठेव.

तुमची,
बाय