विज्ञान कादंबरी: सुरुवात कुठून करावी?

महोदय,

विज्ञान कादंबऱ्यांच्या याद्या नेहमी छापून येतात, पण त्या गाजलेल्या पुस्तकांच्या असतात. कोणतं आधी वाचावं ते त्यातून कळत नाही. मग नवा वाचक थेट ‘ड्यून’ उचलतो, घराण्यांच्या आणि पंथांच्या नावांत अडकतो आणि पुस्तक ठेवून देतो. (त्या पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे. ती आधी चाळावी.)

पहिलं पुस्तक म्हणून फ्रेड हॉइल यांचं ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) घ्यावं. सूर्यमालेकडे येणारा ढग कधी पोहोचेल, हे त्यात एक शास्त्रज्ञ फळ्यावर काढून दाखवतो आणि हॉइलनी ते गणित चक्क तळटिपेत दिलं आहे. ढगाचं अंतर माहीत नाही, वेगही माहीत नाही. आकाशात तो केवढा दिसतो आणि किती भराभर मोठा होतोय, एवढ्यावर काम भागतं. समजा, महिन्याला ५ टक्के वाढ दिसली, तर हाताशी साधारण २० महिने उरले. तळटीप गाळली तरी कथा कळते, पण निम्मी गंमत जाते.

हॉइल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक. तेव्हा त्यापाठोपाठ ‘वामन परत न आला’ वाचलेलं उत्तम.

मग आर्थर क्लार्क यांचं ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३). हे कॅल्क्युलेटर जवळ ठेवून वाचावं. ‘रामा’ हे परक्यांचं यान म्हणजे स्वतःभोवती ४ मिनिटांत एक फेरी घेणारा पोकळ दंडगोल, आतली त्रिज्या सुमारे ८ किलोमीटर. या फिरण्यामुळेच आतल्या भिंतीवर वजन जाणवतं. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या केलं की त्वरण साधारण साडेपाच मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्व त्वरणाच्या निम्म्याहून किंचित जास्त. अक्षावर मात्र शून्य. त्यामुळे अक्षाकडून जिना उतरणाऱ्या माणसांचं वजन पायरीगणिक वाढत जातं आणि क्लार्क ते कुठेही विसरत नाहीत. पात्रं मात्र अगदीच सपाट! हाडामांसाची माणसं हवी असतील त्यांनी उर्सुला ले ग्विन यांच्याकडे वळावं. ‘रामा’चे पुढचे भाग सहलेखकासोबतचे आहेत, ते सोडले तरी चालतील.

स्तानिस्लाव लेम यांच्या ‘सोलारिस’ची प्रत मात्र पाहून घ्यावी. मूळ कादंबरी पोलिश (१९६१), पण जुना इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून झालेला. खुद्द लेमना तो पसंत नव्हता. बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशमधून केलेला अनुवाद ई-बुकमध्ये मिळतो, तोच घ्यावा. ॲसिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ मालिका १९५१ च्या पहिल्या पुस्तकापासूनच सुरू करावी. कथेतल्या काळानुसार आधीची, पण १९८८ पासून आलेली पुस्तकं अगोदर वाचली, तर मूळ तीन भागांतलं रहस्य फुटतं.

मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट सांगणारं ‘द मार्शियन’ कधीही वाचा, फक्त पहिल्या वादळावर विश्वास ठेवू नका. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथला वारा यान आडवं करण्याइतका जोर लावू शकत नाही. लेखक अँडी वीअर यांनीही हे मान्य केलं आहे. नायक तिथे पिकवतो त्या बटाट्यांचा हिशेब त्यापेक्षा पुष्कळ बरा, पण तिथल्या मातीत परक्लोरेटं (विषारी क्षार) असतात, तेव्हा लागवडीआधी ती धुवावी लागेल.

– एक वाचक, सातारा