माननीय मंत्रिमहोदयांना, कुलूपबंद व्यायामशाळेच्या पायरीवरून

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गावाचंही नाही, कारण लिहिलं तर उद्या मुलांचे फॉर्म अडकायचे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या जुन्या व्यायामशाळेत आला होतात, जिथे मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. मुलींनी ओवाळलं, तुम्ही एकीचे ग्लोव्हज घालून फोटो काढलात (उजवा डाव्या हातात होता, पण पेपरात छान आला) आणि माईकवर म्हणालात, "या पोरांना सहा महिन्यांत आंतरराष्ट्रीय दर्जाची रिंग देतो." ओळख पटायला एवढ्या खुणा पुरतील.

सहाचे चोवीस महिने झाले. रिंग आली नाही, ते एक वेळ सोडून देऊ. गेल्या सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही पोचलो तर दाराला नवं कोरं कुलूप. वर फ्लेक्स: 'लवकरच येत आहे, बॉक्स क्रिकेट टर्फ'. तासाला आठशे रुपये. नऊ वर्षांची एक पोरगी फ्लेक्स वाचून म्हणते, "सर, बॉक्स म्हणजे आपलंच ना?" काय सांगू तिला? बॉक्स ठेवला आणि पोरं तेवढी काढली, असं?

कुलपाच्या आत काय आहे तेही ऐका. मी फॅब्रिकेशनचं काम करतो. रिंगचे चारही खांब मीच वेल्ड केलेत, शटरच्या ऑर्डरीतून उरलेल्या पाइपांचे. दोर मंडपवाल्याकडून जुने आणले आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्या, नाहीतर पोरांची पाठ सोलून निघते. बॅगांत शिंप्याकडच्या चिंध्या आहेत. नुसती वाळू भरली तर ती खाली बसून दगड होते आणि मनगटं जातात. नियमाची रिंग दोरांच्या आत 6.1 मीटर लागते, आमची जेमतेम पाच भरते. आमची मुलं मागे सरकत नाहीत असं मी सगळीकडे अभिमानाने सांगतो. खरं सांगायचं तर मागे भिंत आहे, सरकणार कुठे?

या पाच मीटरमधून चौदा वर्षांत एक मुलगा पुण्याला लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत गेला, दोघं पोलिसात लागले. वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईची मुलगी शालेय राज्य स्पर्धेत सोनं घेऊन आली. वजनात बसायला ती दोन दिवस घोट मोजून पाणी प्याली आणि आदल्या रात्री मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपली. ती परत आली तेव्हा चौकात बॅनर लागला होता. त्यावर तुमचा फोटो तिच्यापेक्षा चौपट मोठा होता. ठोसे नेमके कोणी खाल्ले, बाहेरच्या माणसाला कळलं नसतं.

मी एक रुपया मानधन घेतलेलं नाही. हेडगार्ड आणि ग्लोव्हजसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्यात बायकोच्या पाटल्या गेल्या. वेल्डिंगने डोळे गेलेत, पॅड धरून धरून उजवा खांदा वर होत नाही. बायको म्हणते, स्वतःच्या पोराच्या शाळेत कधी पाय ठेवला नाहीत. खरं आहे तिचं. हे तुम्हाला का सांगतोय कोण जाणे, मागायची तर फक्त किल्ली होती.

पण आता निघालंच आहे तर बोलतो. डिसेंबर 2012 मध्ये निवडणुकीच्या भानगडीवरून आपल्या देशाचा बॉक्सिंग महासंघ निलंबित झाला. नवा उभा राहिला 2016 मध्ये. वरच्यांच्या खुर्च्यांचं भांडण, आणि इकडे माझा सर्वांत तयार मुलगा राष्ट्रीय स्पर्धेची वाट बघत वयातून बाहेर गेला. आज तो जेसीबी चालवतो. भेटला की अजून डावा हात आधी पुढे करतो, गार्ड घेतल्यासारखा. त्या चार वर्षांची भरपाई कोणत्या हेडखाली मिळते?

हरियाणातल्या भिवानीचं नाव तुम्ही भाषणात घेतलं होतंत. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचे पाच बॉक्सर गेले, त्यातले चार एकट्या भिवानीचे. विजेंदर सिंगने कांस्य आणलं, बॉक्सिंगमधलं देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक. तिथे जगदीश सिंगांसारखा कोच क्लबमध्ये पहाटे पोरांना घाम गाळायला लावत होता. त्यांच्या क्लबच्या जागी कुणी टर्फ टाकलं असतं तर? हरियाणा ऑलिम्पिक कांस्याला अडीच कोटी देतं. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणलं तेव्हा सुरुवातीला जाहीर झाला एक कोटी. रक्कम कमी आहे हे वडिलांना जाहीर बोलून दाखवावं लागलं. त्याच्या आधीचं राज्याचं वैयक्तिक पदक 1952 चं, खाशाबा जाधवांचं. त्यांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यानंतर. आता त्यांच्या जयंतीला, 15 जानेवारीला, आपण राज्य क्रीडा दिन करतो. हार घालतो. गहाण टाकायला घर असलेला मास्तर अजूनही लागतोच. माझं तर घरही भाड्याचं आहे.

ऑलिम्पिक पदकांसाठीच्या राज्य सरकारच्या 'मिशन लक्ष्यवेध' योजनेतल्या बारा खेळांत बॉक्सिंग आहे. आनंद आहे. लक्ष्य कुठे आहे ते कळवा, पोरांना घेऊन येतो.

सध्या आम्ही बंद दारासमोरच्या रस्त्यावर सराव करतो. दुधाची गाडी आली की बाजूला होतो. पावसाळ्यात काय करणार माहीत नाही. टर्फ टाकायचंच ठरलं असेल तर निदान ते खांब, दोर आणि बॅगा बाहेर काढू द्या. त्या माझ्या आहेत, पाइपाच्या पावत्या जपून ठेवल्यात.

आपला,
एक बिनपगारी बॉक्सिंग कोच

ता. क. : फोटोनंतर त्या मुलीचा एक ग्लोव्ह तुमच्या गाडीत गेला, तो परत आलेला नाही. लाल रंग, दहा औंस, डाव्या हाताचा. ड्रायव्हरला विचारून बघा.