'नेपथ्य साजेसे' म्हणजे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कादंबरीवरून नाटक आलं की त्याच्या परीक्षणात शेवटी शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: 'नेपथ्य साजेसे.' कशाला साजेसं, ते काही कळत नाही. कादंबरीचं नाटक बऱ्याचदा तिथेच घसरतं, म्हणून हे पत्र.

कादंबरीकार एका ओळीत ओटीवरून विहिरीवर, विहिरीवरून बंदरावर जातो. रंगमंचावर त्या ओळीला चार माणसं आणि अंधार लागतो. अंधार दहा सेकंदांवर गेला की खोकला सुरू, वीसवर गेला की मोबाइल उजळतात. त्यामुळे 'बावीस स्थळं, नऊ सेट' अशी जाहिरात वाचली की आम्हाला धडकीच भरते. जयवंत दळवींनी 'अंधाराच्या पारंब्या' या आपल्याच कादंबरीवरून 'बॅरिस्टर' लिहिलं (१९७७, दिग्दर्शन विजया मेहता), ते एका वाड्यात उभं राहतं. जागांची काटछाट अशी संहितेतच व्हायला हवी. सुतारापर्यंत ती ढकलू नये.

कोकणातलं घर घ्या. अंगण, ओटी, माजघर आणि पाठचं दार एवढं मिळालं तर बहुतेक प्रवेश बसतात. ओटी १८ इंच उंच, माजघर आणखी ६ इंच. पायरी ६ इंचांची आणि पाऊल टेकायला ११ इंच. पायरी ८ इंचांची केली की नऊवारीतली नटी कंदील घेऊन उतरताना खाली बघते आणि ऐन वाक्याला तिचा चेहरा जातो. तुळशीवृंदावन मधोमध ठेवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पुढच्या मधल्या खुर्च्यांना मग ओटीवर बसलेला माणूस दिसत नाही. वृंदावन कडेलाच बरं.

जांभ्याची भिंत जाड दिसायला हवी, म्हणून दाराच्या चौकटीतून आत १२ इंचांची फळी वळवतात. चौकट फ्लॅटला, म्हणजे भिंत म्हणून उभ्या केलेल्या हलक्या पडद्याला, ठोकायची नाही; तिला स्वतंत्र ब्रेस (मागून तिरका टेकू) आणि वजन. नाहीतर दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते आणि प्रेक्षक हसतात, तेही नेमके शोकाच्या प्रवेशात. रंगाचंही तसंच. कारखान्यात ट्यूबलाइटखाली मंजूर झालेला तांबडा निळ्या जिलेटिनखाली (दिव्यासमोरच्या रंगीत कागदाखाली) काळा पडतो आणि रात्रीच्या प्रवेशात घर कोळशाचं होतं. गेरूच्या थरावर स्पंजाने राखाडी-जांभळे ठिपके मारले तर निळ्या उजेडातही चिरे उमटून राहतात. मंजुरी जिलेटिन लावूनच द्यावी.

सगळ्यात धोक्याचा झोपाळा. दोन माणसं आणि फळी मिळून १४० किलो धरा. ३० अंशांचा झोका घेतला की तळाशी कड्यांवर सव्वापटीहून थोडा जास्त, म्हणजे १७८ किलोंच्या आसपास ताण येतो, शिवाय पुढे-मागे आडवा धक्का असतोच. म्हणून कड्या फ्लॅटला किंवा दिव्यांच्या बारला कधीच नकोत. चौकोनी लोखंडी पाइपची स्वतंत्र कमान, पाय पुढे-मागे पसरलेले आणि लेव्हलला, म्हणजे ओटीच्या लाकडी चौथऱ्याला, बोल्टने जखडलेले. तुळईचं लाकूड वरून नुसतं दिसण्यापुरतं. २८० किलोंच्या वाळूच्या गोण्या ठेवून झोका दिल्याशिवाय नटांना बसवू नये. छप्पर पूर्ण कौलारू केलं तर वरचे दिवे अडतात; चार वासे आणि रिपा पुरतात.

दौऱ्यावर प्रत्येक गावचा रंगमंच वेगळा. आखणी २८ फुटांत करावी आणि दोन्ही टोकांचे फ्लॅट बिजागरीवर ठेवावेत, म्हणजे मोठ्या नाट्यगृहात ते उघडता येतात. अरुंद रंगमंचावर पाठचं दार विंगेत गेलं, तर त्या दारातून होणारं आगमन कडेच्या खुर्च्यांना दिसतच नाही. म्हणून एक विनंती. आपल्या परीक्षकांनी अशा नाटकाचा एक प्रयोग तिसऱ्या रांगेतून पाहावा, दुसरा बाल्कनीच्या टोकाच्या खुर्चीतून, आणि कुठून काय दिसलं नाही तेवढं छापावं.

आपले,
नेपथ्य करणारे काही जण, ठाणे