वीरगळांना चुना फासू नका

महोदय,

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चलगतच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय १९६४पासून आहे. चर्च पाहून परतणाऱ्यांपैकी किती जण तेथील कदंब राजवटीच्या काळातल्या वीरगळांपुढे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपुढे, थांबतात, हा प्रश्नच आहे. मी मात्र नाविक युद्धाच्या वीरगळापुढून लवकर हललो नाही. घोड्यांऐवजी जहाज कोरलेला हा दगड कदंबांच्या आरमाराचा चक्क समकालीन साक्षीदार आहे. वीरगळ सहसा खालून वर वाचायचा असतो : तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर 'यावच्चंद्रदिवाकरौ' कीर्तीची ग्वाही देणारे चंद्र-सूर्य. सतीशिळेवरील कोपरात वाकलेला हात, त्यातल्या बांगड्यांसह, अधिक अस्वस्थ करतो.

आमच्या गावच्या देवळामागे असाच एक वीरगळ जीर्णोद्धारापासून कुंपणाला टेकून पडला आहे. दर जत्रेला त्यावर चुन्याचा नवा थर चढतो. अप्सरांचे चेहरे तर बुजलेच आहेत. देवस्थान समित्यांनी निदान चुना थांबवावा आणि अशा दगडांची छायाचित्रांसह नोंद पुरातत्त्व खात्याकडे द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, फोंडा