ठिगळाचे कोपरे गोल कापतात

एडमंटन, कॅनडा, 9 मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणखाण आणि खोली यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. आईला माझ्या मनगटावर जो डाग दिसला, तो भाजल्याचा आहे, पण किरकोळ आहे. ताडपत्रीचे विनाइल, म्हणजे प्लास्टिकचे कापड, वितळवण्याच्या गरम हवेच्या यंत्राची नळी चुकून लागली. आता हातमोजे घातल्याशिवाय मी ते उचलत नाही, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नये.

एवढे शिकून पोरगा तिकडे ताडपत्र्यांना ठिगळे लावतो का, असे मामांनी विचारले म्हणे. लावतो, आणि मन लावून लावतो. उघड्या ट्रेलरवरच्या लाकडावर घालतात ती एक ताडपत्री 40 किलोंच्या वर भरते आणि तिच्या बाजू आठ फूट खाली येतात. मालाच्या एखाद्या धारदार कडेवर गादी ठेवायची राहिली, तर वाऱ्याने तेवढ्या जागी ती चिरते आणि फडफडून चीर वाढत जाते. आई, येथे गोधडीसारखे टाके घालून ठिगळ लावत नाही, कारण सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते. फाटलेला भाग स्पिरिटने पुसायचा, ठिगळाचे चारही कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो, आणि मग दोन थरांमध्ये गरम हवा सोडत वरून लहान रूळ दाबत न्यायचा. गार झाल्यावर कडेला नख घालून पाहतो. नख शिरले, तर ते काम मी पुन्हा करतो.

बाबा, तुम्हाला पटणार नाही, पण येथे ट्रकवर क्लीनर नसतो. ड्रायव्हर एकटाच ताडपत्री ओढतो आणि शेजारचा ड्रायव्हर चार पावलांवर उभा असला, तरी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हुकाला हात लावत नाही. मला आधी हा माणूसघाणेपणा वाटला. परंतु माल नीट बांधलेला असण्याची जबाबदारी नियमाने ड्रायव्हरवर असते. पहिल्या 80 किलोमीटरांच्या आत थांबून त्याला बांधणी तपासावी लागते, आणि पुढेही तीन तास किंवा 240 किलोमीटर, जे आधी होईल तेव्हा. दुसऱ्याने लावलेला हुक सुटला, तरी जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून कोणी मदत केली, तरी तो प्रत्येक हुक स्वतः पुन्हा ओढून पाहतो, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. आपल्याकडे अख्खे आवार दोर ओढायला धावते, त्याची मात्र आठवण येते.

थंडीची काळजी नको. उणे 30 अंशांत ताडपत्री पत्र्यासारखी ताठ होते, म्हणून आम्ही ती रात्रभर आत उबेला ठेवतो आणि कामही आतच करतो.

धाकटीच्या लग्नासाठी दोन लाख रुपये पाठवले आहेत; कर्जाचा हप्ता वेगळा येईल. मे महिन्यात मला येता येणार नाही. मालकांनी नकार दिलेला नाही, मीच रजा मागितली नाही, कारण तिकिटाच्या पैशांत मांडवाचा खर्च भागेल. तिला हे तुम्ही सांगू नका, मी सांगेन.

पडवीवरची ताडपत्री बदलून देईन, असे मी दोन पावसाळ्यांपूर्वी म्हटले होते. बाबांनी शिडीवर चढू नये, माणूस लावावा. त्याचे पैसे त्याच रकमेत धरले आहेत. जुनी फेकू नका, पण ओली गुंडाळूही नका. दोन्ही बाजूंनी वाळवून ठेवा; बुरशी धरली, तर तिच्यावर ठिगळ बसत नाही.

तुमचा,
बाळू